अनामिकेचा टेकू

तबला थांबवतोय असं मी सांगायला लागलो, तेव्हा बहुतेकांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं. मनगट गेलं का, मानेचं काही निघालं का, डॉक्टर कोण. संगतकार आपणहून वाद्य खाली ठेवतो यावर कुणाचा विश्वास बसेना. हात उत्तम होता. कामंही होती. गणपतीपासून दिवाळी पहाटपर्यंतच्या तारखा आषाढातच लागलेल्या असायच्या. नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठरला आणि ‘तबल्याला कोण’ असा प्रश्न निघाला, की जी चार-पाच नावं पुढे यायची त्यांत माझं असायचं. फार मोठं नाव नव्हे, पण वेळेवर येणारं, लावून बसणारं आणि कुणाला अडचणीत न आणणारं.

मग पुढे काय, या प्रश्नाला ‘पखवाज’ असं उत्तर दिलं की समोरचा जरा वेळ गप्प व्हायचा. एका गायक मित्राने सरळ विचारलं, “अरे, वारीला निघालास की काय?” त्याचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे पखवाज म्हटला की कीर्तन, टाळकरी आणि गळ्यात अडकवलेलं वाद्यच डोळ्यांपुढे येतं. बैठकीत बसून वाजणारा पखवाज पुण्या-मुंबईतही वर्षाकाठी मोजक्याच वेळा ऐकू येतो.

कारण सांगायचं तर ठेक्यापासून सुरुवात करावी लागेल. विलंबित एकताल बारा मात्रांचा. धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. किराण्याच्या गायकाने तो आपल्या लयीत लावला की एका आवर्तनाला मिनिटभर सहज लागतं. त्या मिनिटात गायक कुठेही फिरून येतो. तिरकिट ऐकू आलं की एक तर चौथी मात्रा असते, नाही तर दहावी. पुढे ‘तू’ पडला तर चौथी, ‘धी’ आला तर दहावी, म्हणजे समेची तयारी करायची. हे त्याला न मोजता, विचार न करता कळलं पाहिजे, आणि ते कळवत राहणं हे माझं काम. दोन मात्रांमधली मोकळी जागा भरायची, पण त्याच्या स्वरावर पाय पडू द्यायचा नाही. हे काम सोपं नाही आणि हलकंही नाही. ज्याला चांगला ठेका धरता येतो, त्याच्यापुढे मी आजही कान पकडतो.

एका ज्येष्ठ गायिकेने मैफल संपल्यावर मला म्हटलं होतं, “आज तबला आहे हे जाणवलंसुद्धा नाही, इतका छान झाला.” संगतकाराला यापेक्षा मोठी शाबासकी नसते. ती मी बरीच वर्षं मिरवली. पन्नाशी जवळ आली तेव्हा तेच वाक्य मला वेगळं ऐकू यायला लागलं. तक्रार कुणाबद्दल नव्हती. ख्यालाची मांडणीच अशी आहे की गाणं पुढे आणि ताल त्याच्या पायाखाली. गायकाने खूण केली की दोन आवर्तनं आपली, की परत ठेका. स्वतंत्र तबलावादनाची मोठी परंपरा आहे हे खरं, पण तो पिंड वेगळा. मी एकट्याने तासभर वाजवणारा माणूस नव्हतो, आजही नाही. मला दुसऱ्या कुणाबरोबरच वाजवायचं होतं, फक्त आपण आहोत हे जाणवू द्यायचं होतं.

ती सोय ध्रुपदात आहे हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण ते मी कानांनी कधी नीट ऐकलेलं नव्हतं. ध्रुपदाच्या बैठकीत आधी तासभर आलाप चालतो, आणि पखवाजी मांडीवर हात ठेवून बसलेला असतो. मग चौतालातलं पद सुरू होतं आणि पहिली थाप पडते. इथपर्यंत ठीक. पुढे गायक पदाचे शब्द घेऊन लयीशी खेळायला लागला, दुगुणीत गेला, आडीत गेला, की पखवाजी ठेका सोडतो. अक्षरशः सोडतो. गायक जे करतोय त्याच्याबरोबर, त्याच क्षणी, आपल्या बोलांनी तो चालत राहतो. तबल्याच्या सवाल-जवाबात आधी एक बोलतो, मग दुसरा. इथे दोघं एकदम बोलतात आणि दोघंही समेवर पोचतात. मग मात्रा कोण राखतं? गायक हातावर ताल देत असतो, पुढच्या रांगेतले जाणते देत असतात, आणि बाकी सगळं डोक्यात. पहिल्यांदा ऐकताना माझ्यातल्या तबलजीला हा निव्वळ बेशिस्तपणा वाटला. दुसरं पद संपेपर्यंत मी मांडी बदलायची विसरलो होतो.

पखवाज आपल्याला परका नाही, हे जाता जाता सांगून टाकतो. पखवाजाच्या दोन मोठ्या परंपरा सांगितल्या जातात. एक दतियाच्या कुदऊसिंहांची, दुसरी नाना पानश्यांची. नाना पानसे वाईजवळच्या बावधनचे. काशीला बाबू जोधसिंहांकडे शिकले, इंदूरला होळकरांच्या दरबारी राहिले, आणि त्यांचे शिष्य-प्रशिष्य पुढे महाराष्ट्रभर पसरले. मराठवाड्यात आपेगावच्या शंकरबापूंसारखा वादक वारकरी मृदंगातून वर आला आणि पद्मश्रीपर्यंत पोचला. ध्रुपदाचं म्हणाल तर झिया मोहिउद्दीन डागरांनी आपलं गुरुकुल उभारलं ते पनवेलजवळ पळस्प्याला. म्हणजे सगळं हाताशी होतं. आपण तबला-पेटीच्या नादात तिकडे पाहत नव्हतो, इतकंच. आणि हो, अमीर खुसरोने पखवाज मधोमध कापून तबला केला ही गोष्ट क्लासमध्ये मीही मुलांना सांगत आलो होतो. खुसरो तेरा-चौदाव्या शतकातला, आणि तबल्याचा भरवशाचा पुरावा मिळतो तो अठराव्या शतकापासून. मध्ये चारशे वर्षं आहेत. गोष्ट गोड आहे, एवढंच.

पखवाजासाठी गुरू गाठण्याआधी मी आळंदीला गेलो. हात वळतो का ते परक्या ठिकाणी, ओळखीच्या कुणाला न कळता बघायचं होतं. विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये तिथे वारकरी शिक्षण संस्था सुरू केली, आणि आज गल्लोगल्ली लहान-मोठ्या संस्था आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली दहा-बारा वर्षांची मुलं, पांढरे कपडे, कपाळाला बुक्का, पहाटे काकडा आणि संध्याकाळी हरिपाठ. एका खोलीत ओळीने बसून ती मृदंग घोटत होती. शिकवणारे महाराज माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी तबला वाजवतो हे ऐकून ते म्हणाले, “मग काय माउली, तुम्हाला अर्धं येतंच.” त्यांनी एका मुलाला माझ्यासमोर बसवलं आणि ते दुसऱ्या ओळीकडे वळले. मी ‘धा’ वाजवला. मुलगा माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. पुन्हा वाजवला. तो म्हणाला, “काका, ते बोट नका ना टेकवू.”

कुठलं बोट हे मला विचारावं लागलं नाही.

तबल्याचा सगळा उजवा हात अनामिकेवर उभा असतो. चाटेवर तर्जनीने ‘ना’ काढायचा तर अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली हवी. ती टेकली की पुडीचा मूळ घुमारा दबतो आणि वरचा स्वच्छ, टणक स्वर तेवढा उरतो. शाईचा थर मधे जाड आणि कडेला पातळ का, त्यामुळे चामड्यातून सुरेल स्वर कसे निघतात, याचा अभ्यास सी. व्ही. रामन यांनी 1920 च्या सुमारास करून ठेवला आहे. आम्हाला ते शास्त्र माहीत नसतं, पण बोट कुठे टेकायचं ते आठव्या-नवव्या वर्षीच हाडात उतरतं. डाव्या हाताचंही तसंच. डग्ग्यावर मनगट टेकलेलं असतं. त्याच्या दाबावर मींड निघते, घुमारा पुढे-मागे सरकतो, आणि तबल्याचं अर्धं लावण्य तिथेच असतं.

पखवाजाला हे दोन्ही टेकू चालत नाहीत. ‘ता’ची थाप पंजाची. पंजा करंगळीच्या बाजूने पडतो आणि पडल्या पडल्या उचलला जातो. ‘दिं’ला बोटं जुळवून शाईवर आणायची आणि लगेच सोडायची. डावीकडे ‘गे’ पूर्ण तळहाताचा, मनगट हवेत. आवाज कोंडून घडवायचा नाही, मोकळा करायचा. सांगायला हे सोपं आहे. माझी अनामिका मात्र, मी नको म्हटलं तरी, प्रत्येक थापेच्या आधी केसभर खाली उतरायची. बाहेरच्याला दिसायचं नाही. ऐकायला यायचं. थाप पडायची आणि तिच्या पोटात एक बारीकसा ‘ना’ असायचा.

पुढे मी ज्यांच्याकडे शिकलो ते गुरुजी पानसे परंपरेतले, सत्तरी ओलांडलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला जे येतं ते वाजवायला सांगितलं. लय माझी पक्की होती, पढंत तर पाठच. चौतालात थोडं काही वाजवून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, “सगळं बरोबर आहे. पण हा तबला वाजतोय.” मग थोड्या वेळाने, “तो बंद करता येईल का तुम्हाला?”

मी घासाघीस केली. महिन्यातून एखादा कार्यक्रम ठेवू का? ते म्हणाले, “एखादा ठेवला की त्याचा रियाज आला. रियाज आला की हात परत आला. मग माझ्याकडे कशाला येता?” मला वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं मला पटलेलं होतं. आळंदीच्या त्या पोराने ते मला आधीच दाखवलं होतं.

दोन्ही वाजवणारे आहेत की, असं मला अनेकांनी सुनावलं. आहेत, आणि उत्तम आहेत. त्यातल्या बहुतेकांनी दोन्ही लहानपणी उचललेलं असतं. त्यांच्या शरीरात दोन हात वेगळे राहतात. उतारवयात शिकणाऱ्याकडे एकच हात असतो, आणि तो आधीच कुणाचा तरी झालेला असतो. माझं मत विचाराल तर चाळिशीनंतर दुसरं वाद्य खरोखर हवं असेल, तर पहिलं काही काळ तरी पूर्ण खाली ठेवलं पाहिजे. हे मत अनेक तबलजी मित्रांना आवडत नाही.

मी काही पहिला नाही, हा आधार मात्र मी मनाशी धरून होतो. शिवकुमार शर्मा जम्मूच्या रेडिओवर तबला वाजवत. 1955 मध्ये मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात त्यांनी संतूरही वाजवायला द्या असा हट्ट धरला आणि एकाच संमेलनात दोन्ही वाजवलं. पुढे तबला मागे पडला आणि संतूर राहिला. अन्नपूर्णा देवी सतार शिकत होत्या. अलाउद्दीन खांसाहेबांनी त्यांच्या हातात सूरबहार दिला, कमी टाळ्यांचं आणि जास्त सबुरीचं वाद्य. आणि त्याच अन्नपूर्णा देवींकडे शिकायला गेल्यावर हरिप्रसाद चौरसियांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली, उजवीची डावी केली. मला या तिघांतलं हे शेवटचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. वाद्य तेच ठेवून त्यांनी हात बदलला. तेव्हा ते फिल्मी दुनियेत चांगले स्थिरावलेले होते, रोजचं रेकॉर्डिंग होतं. त्या माणसाने सगळी बोटं नव्याने शिकवायची म्हणजे काय, हे आता मला थोडंफार कळतं. थोडंफारच. त्यांचं वय आणि त्यांची प्रतिभा माझ्याकडे नव्हती.

सुरुवातीचे कित्येक महिने नुसता ‘धा’ आणि ‘ता’. मग ‘धा दिं ता’. मग तिटकत गदिगन, संथ. गुरुजी मधूनच हात धरून थांबवायचे आणि माझी अनामिका दोन बोटांनी वर उचलायचे, काही न बोलता. कळ बोटांतून उठून खांद्यात गेली. तबल्याला बोटांची तयारी लागते, पखवाजाला दंड आणि पाठ लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते पाठीने सांगितलं.

हातापेक्षा जास्त छळलं ते डोक्याने. तबल्याचा कायदा म्हणजे भरी आणि खाली. जे भरीत वाजलं ते खालीत डावा बंद करून पुन्हा यायचं. वर्षानुवर्षं माझा विचारच तसा जोडीने चालत आलेला. परण तसं वागत नाही. धुमकिट धुमकिट तकिट तका असं ते एकदा निघालं की पुढेच जात राहतं, मागे वळून स्वतःला तपासत नाही, आणि तिहाई घेऊन समेवर आदळतं. मी प्रत्येक वेळी खालीची वाट बघायचो. ती यायचीच नाही. लयीचं गणित मला येत होतं, चक्रदार कुठून उचलायचं ते मी कागदावर मांडून देऊ शकत होतो. पण परण म्हणजे नुसतं गणित नाही. पढंत करताना गुरुजींचा श्वास कुठे जातो, कुठल्या ‘धा’वर ते किंचित पुढे झुकतात, ते बघितल्याशिवाय मला एकही परण नीट वाजवता आलेलं नाही.

आणि मग कणीक. पखवाजाच्या डाव्या पुडीवर शाई नसते. तिथे दर वेळी ओली कणीक लावायची, आणि ती किती लावायची यावर डाव्याचा स्वर ठरतो. जास्त झाली की तो खाली बसतो, कमी पडली की वर चढतो. पोळ्यांच्या कणकेत तेल-मीठ असतं, ती चालत नाही. नुसत्या पाण्यात भिजवलेली हवी, बोटाला चिकटेल पण ओघळणार नाही इतपत. घरी रोज सकाळी दोन गोळे व्हायला लागले. बायको विचारायची, “हा पोळ्यांचा की पखवाजाचा?” एकदा गडबडीत माझा गोळा तव्यावर गेला आणि दुपारच्या डब्यात निघाला. वाजवून झालं की कणीक खरवडून काढावी लागते. राहिली तर चामडं खराब होतं, शिवाय उंदीर-झुरळांची सोय होते. पावसाळ्यात हवा दमट, कणीक ओली राहते आणि उजवी पुडी उतरते. वातानुकूलित सभागृहात उलट: तासाभराच्या आलापात कणीक सुकून हलकी होते आणि पद सुरू व्हायच्या वेळेला डावा वर गेलेला असतो. म्हणून पखवाजी आलाप चालू असताना नुसता बसलेला दिसला, तरी त्याचा एक हात कणकेवर असतो, शेजारी वाटीत पाणी असतं, आणि तो चिमूट चिमूट कणीक चाचपत असतो. हे मी आधी श्रोत्यांत बसून पाहिलं होतं आणि मला तो माणूस कंटाळलाय असं वाटलं होतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. मिळकत घसरली. आकाशवाणीची श्रेणी वाद्यावर मिळते. तबल्याची श्रेणी घेऊन पखवाजापुढे बसता येत नाही, पुन्हा चाचणी द्यावी लागते. क्लास मी माझ्या एका विद्यार्थ्याकडे सोपवला आणि तारखाही त्याच्याकडे आणि त्याच्या मित्रांकडे गेल्या. पहिल्या दिवाळीला पहाटे घरी होतो. बऱ्याच वर्षांनी आंघोळ उजेडात केली. घर चाललं ते बायकोच्या नोकरीवर. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, पण ज्याच्या घरी दुसरी मिळकत नाही, त्याला मी हा मार्ग सुचवणार नाही.

पहिली संगत मिळाली ती एका घरगुती बैठकीत. गाणारी मुलगी तिशीतली, डागर परंपरेत शिकलेली. आलाप झाला, पद सुरू झालं, थाप बरी पडली. तिने शब्द घेऊन बढत सुरू केली, आणि मी ठेका धरून बसलो. चौताल, अगदी स्वच्छ, एकही मात्रा इकडची तिकडे नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तिला सम हवी आहे, म्हणून मी सम आणखी ठळक केली. तिने परत पाहिलं. आयुष्यभर गायकाच्या त्या नजरेचा एकच अर्थ मला ठाऊक होता: सांभाळ. बैठक संपल्यावर चहा घेताना ती म्हणाली, “दादा, तुम्ही फार सांभाळता हो मला. नका सांभाळू. मी हरवले तर हरवले. तुम्ही बोला.”

गुरुजींना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. पुढच्या महिनाभराच्या शिकवणीत त्यांनी नवीन परण दिलंच नाही. ते स्वतः गायचे. आवाज फाटका, पण पदं त्यांना भरपूर येत. आणि मी त्यांच्याबरोबर वाजवायचं. ठेक्यावर परत आलो की ते गाणं थांबवायचे.

त्यानंतरही हे चटकन जमलं असं नाही. आता जमतं, निदान कधी कधी. धमारात जास्त जमतं. चौदा मात्रांच्या त्या तालाची सम ‘क’वर असते. भारदस्त ‘धा’ नाही, नुसता ‘क’. तिथे दोघांनी एकदम पोचायचं म्हणजे कुणी कुणाला सांभाळायला वेळच मिळत नाही. गायिका आडीत निघाली, मी माझ्या परणात निघालो, मधे दोनदा वाटलं की गेलं, आणि दोघंही ‘क’वर आलो. एकदा असं झालं तेव्हा समोरचे एक वृद्ध गृहस्थ ‘वाहवा’ म्हणायच्या ऐवजी नुसते हसले. तबल्याच्या सगळ्या आयुष्यात मला ते हसू मिळालं नव्हतं. त्या आयुष्याने मला जे दिलं ते मी नाकारत नाही. मात्रेचं भान, दुसऱ्याचा श्वास ऐकण्याची सवय, गायक दमला की लय न ढळू देता त्याला थोडा अवकाश देणं, हे सगळं तिकडूनच आलं आणि पखवाजावरही उपयोगी पडतं. हात मात्र तिकडून आणता आला नाही.

तबला परत उघडला का, हे सगळे विचारतात. उघडला. गुरुजींनीच सांगितलं, आता हरकत नाही. गवसणी काढली, हातोडीने गट्टे ठोकून काळी एकला लावला आणि पेशकार सुरू केला. ‘ना’ जाड झाला होता. अनामिका टेकायची, पण उशिरा, आणि डग्ग्यावर मनगट ठेवलं की ते उचलावंसं वाटायचं. एक विद्या घेतली की दुसरी आपोआप समृद्ध होते असं म्हणायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत तसं झालेलं नाही. माझा तबला पूर्वीपेक्षा वाईट वाजतो आणि माझा पखवाज पूर्वीच्या माझ्या तबल्याइतका अजून चांगला वाजत नाही. हा सौदा मी समजून केला आणि आज पुन्हा करायचा झाला तरी करेन. तबल्याची जोडी आता त्या विद्यार्थ्याकडे आहे. क्लासमधल्या नव्या मुलांच्या हाताखाली ती रोज वाजते.

शेवटी आयोजक मंडळींना एक मागणं, कारण हे दर कार्यक्रमात होतं. पखवाज म्हटला की ध्वनिव्यवस्थेवाला तबल्याच्या सवयीने एकच माइक आणतो आणि तो उजव्या तोंडापाशी लावतो. तबला-डग्ग्याचं एका माइकवर भागतं, कारण दोन्ही शेजारी-शेजारी आणि तोंड वर करून बसलेले असतात. पखवाजाची दोन तोंडं हात-दीड हात लांब आणि एकमेकांकडे पाठ करून असतात. एकाच माइकवर डावा पूर्णपणे हरवतो आणि श्रोत्यांना निम्मंच वाद्य ऐकू येतं. तेव्हा माइक दोन द्या, दोन्हींचे स्टँड बुटके द्या, आणि आवाजाची चाचणी कणीक लावून झाल्यावर घ्या, आधी नको.